एकच लिफ्ट, सुताने अलाइनमेंट: ट्रॅकवर जाणारी ऑडी टीटी सांभाळणारं म्हापशाजवळचं गॅरेज

गोव्यात रेस ट्रॅक नाही. तरीही गोव्यात ट्रॅकसाठी गाडी तयार करून देणारं गॅरेज आहे, असं सांगितलं की कोईमतूरच्या ट्रॅकवर, गाड्या उभ्या करतात त्या पॅडॉकमध्ये, लोक आधी हसतात. मग माझ्या गाडीच्या चाकांच्या बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा बघतात आणि नंबर मागतात. नंबर मी देत नाही, आणि इथेही नाव लिहिणार नाही. मेस्तची, म्हणजे त्या गॅरेजच्या मालक-मेकॅनिकची, तशी अटच आहे. लिफ्ट एकच, हंगामात आधीच रांग, त्यात नेटवर नाव गेलं तर जुनी गिऱ्हाइकं ताटकळणार असं त्याचं म्हणणं. ज्याला खरोखर हवं त्याने म्हापसा ते थिवी या पट्ट्यातल्या कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याला विचारावं, की जर्मन गाड्यांचे ब्रेक कोण नीट करतो. पत्र्याच्या शेडपर्यंत पोचाल.

माझी गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, म्हणजे ८जे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २११ हॉर्सपॉवर, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. सेकंड हँड घेतली, डिचोलीला घरी असते. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. हे आधीच सांगते, कारण या गॅरेजवर मी खूश आहे त्याचं अर्धं कारण ते आहे.

२११ या आकड्याने आज कोणी दचकत नाही. पण ही गाडी ट्रॅकवर कमी पडते ती इंजिनात नव्हे. इंजिन पुढे आडवं बसलेलं, वजन नाकावर, त्यामुळे मार खातात पुढचे ब्रेक आणि पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे. त्यात कोईमतूरजवळच्या चेट्टीपाळयमची करी मोटर स्पीडवे. जुन्या धावपट्टीच्या जागेवर उभा राहिलेला, एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. छोटा ट्रॅक म्हणजे गाडीला सोपा, असं नवख्यांना वाटतं. पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरची फेरी आहे, तिथे ब्रेकना मधेमधे थंड व्हायला सवड मिळते. करीला एक वळण संपतं न संपतं तोच पाय पुन्हा पेडलवर.

इतकं असूनही गाडी ट्रॅकवर असते ती काही तास. उरलेलं वर्ष ती गोव्यात काढते. खारा वारा, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरेल अशी हवा, आणि आमच्याकडे खाणीचे ट्रक पुन्हा धावू लागल्यापासून एअर फिल्टरमध्ये लाल धूळ. इथली ट्रॅककार ट्रॅकवर झिजते त्याहून जास्त घरी उभी राहून बिघडते. हे ओळखून काम करणारा मला भेटला तो हा एकच मेस्त.

त्याआधी मी एका चकाचक वर्कशॉपमध्ये जात असे. एसी वेटिंग रूम, कॉफी, टॅबलेटवर सही. त्यांच्याकडे ‘ट्रॅक पॅकेज’ होतं: ईसीयू रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं), मोठा एक्झॉस्ट, उघडा एअर फिल्टर. ब्रेक ऑइल त्या यादीत शेवटच्या ओळीत, तेही ‘आवश्यक वाटल्यास’. चाकांचे बोल्ट इम्पॅक्ट गनने असे आवळलेले, की कोईमतूरला पान्यावर मला अक्षरशः उभं राहावं लागलं.

मेस्तकडे पहिल्यांदा गेले तेव्हा रीमॅपचं कोटेशन माझ्या हातात होतं. त्याने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि गाडी लिफ्टवर घेतली. ‘बाय, पयलीं रावपाचें पळोवया, मागीर धांवपाचें.’ आधी थांबायचं बघू, मग धावायचं. एवढंच. एक्झॉस्टबद्दल विचारलं तर आरटीओचं नाव घेऊन हात झटकले. त्यात तथ्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. मी गाडी ट्रेलरवर नेत नाही. चोर्ला घाट, बेळगाव, हुबळी, बंगळूर असं स्वतः चालवत जाते. वाटेत पोलिसाने थांबवून आवाज मोजावा, अशी हौस मला नाही.

आता ब्रेक ऑइल. या रिव्ह्यूमधलं मला सर्वांत जास्त बोलायचंय ते याबद्दल.

डॉट ४ ब्रेक ऑइलला नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायची मुभा आहे. ‘ओलं’ झाल्यावर, म्हणजे त्यात साधारण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर, ती मर्यादा १५५वर येते. ट्रॅकवर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) तापले की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल पाटापर्यंत जातं. हे सगळीकडे वाचायला मिळतं. डब्यावरचा कुठला आकडा बघायचा, ते मात्र मला मेस्तने शिकवलं.

मी मोतुलचं आरबीएफ ६६० मागवणार होते. कोरडं असताना ते ३२५ अंशांपर्यंत टिकतं, आणि भारीतलं म्हणून सगळे तेच सांगतात. मेस्तने आरबीएफ ६०० आणायला लावलं. ते कोरडं असताना ३१२पर्यंतच जातं. मला वाटलं पैसे वाचवतोय. त्याने डब्याच्या मागची दुसरी ओळ दाखवली: ओलं असताना ६०० टिकतं २१६ अंशांपर्यंत, ६६० फक्त २०४पर्यंत. दर शर्यतीआधी ऑइल बदलणाऱ्या टीमने ६६० वापरावं. गोव्याच्या हवेत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला दुसरी ओळ महत्त्वाची. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ ओलं असतानाही २७० धरतं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही दोघांनीही विषय बदलला.

माझं रोजचं काम गोळ्यांच्या भुकटीत पाणी किती ते शोधायचं. त्यासाठीची कार्ल फिशर टायट्रेशन ही चाचणी करताना बाटलीचं झाकण अंमळ जास्त वेळ उघडं राहिलं तर पावसाळ्यात आकडा हलतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. ब्रेक ऑइल तसंच पाणी ओढतं, आणि रबरी नळ्यांतूनही ओढतं, हे मला कागदावर ठाऊक होतं. तरी माझ्या गाडीच्या बाबतीत डोक्यात प्रकाश पडला तो या शेडमध्ये. (लॅबच्या यंत्रावर ब्रेक ऑइल तपासून बघायचा मोह झाला होता. नोकरी प्रिय आहे.) मेस्तकडे बाजारात मिळतो तसला पेनासारखा टेस्टरही आहे, हिरवा-पिवळा-लाल दिवे लागणारा. त्यावर त्याचा भरवसा नाही. तो पेन विद्युतवाहकता मोजतो, पाणी नव्हे, आणि प्रत्येक कंपनीच्या ऑइलला वेगळं बोलतो. म्हणून तो तपासत बसत नाही, सरळ बदलतो. अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्याच आणायच्या. उरलेलं ऑइल तो ठेवत नाही आणि मला घरीही नेऊ देत नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यासारखंच ते, त्याच्या मते: आज काही दिसणार नाही, पण बरणी गेली.

पॅड फेरोडोचे डीएस२५००. पूर्ण रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि मला घाट उतरून रस्त्यानेच जायचं असतं, म्हणून हा मधला मार्ग. पॅड बसवण्याआधी त्याने कॅलिपरच्या स्लाइड पिन बाहेर काढल्या. एक पिन गंजून रबरी बुटात अडकत होती. जुने पॅड त्याने व्हर्नियरने मोजले: आतला साडेसहा मिलिमीटर, बाहेरचा आठ. कॅलिपर सरकत नाही, म्हणून एकच पॅड काम करतोय, हे त्या दीड मिलिमीटरवरून कळलं. आधीच्या ठिकाणी ‘पॅड ५० टक्के’ असा शेरा मिळायचा. कुठला पॅड, हे कोणी सांगत नसे.

हे आकडे तो एका लांबट वहीत लिहितो. चार चाकं, आतला-बाहेरचा पॅड, डिस्कची जाडी, टायरची खोली तीन ठिकाणी: आत, मधे, बाहेर. ट्रॅकला जाण्याआधी एक ओळ, आल्यावर दुसरी. आल्यावरची तपासणी तो सोडूच देत नाही. गाडी परतल्यावर दोन आठवड्यांत आणली नाही, तर पुढच्या हंगामात नंबर लावत नाही. आमच्या ऑडिटरांनी ही वही पाहिली असती तर आमच्या लॉगबुकांची लाज वाटली असती. खाडाखोड एका रेघेने, बाजूला सही आणि तारीख, जशी नियमाने हवी तशी. हे त्याला कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, बोटीवर. तरुणपणी तो जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता. मिठाबद्दलचं त्याचं सगळं शहाणपण तिथलंच.

चाकांचंही तसंच. अलॉय व्हील ॲल्युमिनियमचं, ते ज्यावर बसतं तो हब पोलादी, मधे खारट ओल शिरली की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मग चाक काढायला लाथा घालायच्या. मेस्त दर वेळी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करतो आणि अँटी-सीझचा बोटभर पातळ हात फिरवतो. बोल्टाच्या आट्यांना मात्र थेंबही लागू देत नाही, कारण १२० न्यूटन-मीटर हा आवळण्याच्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. मग टॉर्क रेंच, मग प्रत्येक बोल्टावरून रिमवर उतरणारी पिवळी रेघ. ट्रॅकवर पहिल्या सेशननंतर वाकून बघायचं: रेघ तुटली असेल तर बोल्ट हलला. चाक गार होऊ द्यायचं आणि पुन्हा टॉर्क लावायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोन ठिकाणी ‘डिस्क वाकल्या, चारही बदला’ असं सांगण्यात आलं. मेस्तने डायल गेज लावून दाखवलं, डिस्क सरळ होत्या. गाडी उभी असताना पॅड जिथे टेकले होते तिथे गंज आणि पॅडचा थर असा डाग धरला होता. त्याने डिस्क बारीक एमरीने पुसल्या, आणि पहाटे मोपाकडच्या रिकाम्या रस्त्यावर मला घेऊन गेला: ऐंशीवरून वीसवर, पूर्ण न थांबता, पुन्हा ऐंशी. दर वेळी ब्रेक थोडा जास्त. मग ब्रेकला हातही न लावता परत, ब्रेक थंड होईपर्यंत. थरथर गेली. चार डिस्कांचे पैसे वाचले, त्यात पुढचे टायर आले.

मेअखेरची पावसाळी सर्व्हिस ही त्याची खरी खासियत, आणि ती दुसरीकडे कोणी देत असल्याचं मी ऐकलेलं नाही. ट्रॅकचे पॅड काढून ग्रीसप्रूफ कागदात, रस्त्याचे पॅड आत. टायरांत हवा नेहमीपेक्षा जास्त. बॅटरीला मेंटेनर. हँडब्रेक ओढायचा नाही, गिअर ‘पी’त (पार्किंगला) आणि चाकांना लाकडी ओंडके, नाहीतर मागचे पॅड डिस्कला चिकटतात. टाकी काठोकाठ, कारण आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, इथेनॉल पाणी ओढतं, आणि टाकीत हवा कमी तर ओल कमी. दर पंधरा दिवसांनी गाडी निदान गावातल्या गावात फिरवून आणायची, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. नुसती दारात पाच मिनिटं चालू ठेवली तर एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं, ते न चालवण्यापेक्षा वाईट.

इंजिनाचं थोडक्यात. या पिढीचं ईए८८८ इंजिन तेल पितं हे सगळ्यांना माहीत आहे. मेस्त प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी पातळी वरच्या खुणेला आणतो, ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनचं ५०२ प्रमाणपत्र असलेलंच. कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून येणारी तेलाची वाफ अडवणारा डबा, लावायची माझी फार इच्छा होती. त्याने आधी ती वाफ परत इंजिनात वळवणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा तपासला, तो फाटलेला निघाला. तो बदलल्यावर तेल खाणं बरंच कमी झालं, कॅच कॅन राहिला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन बसतो. तो साफ करायला अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारणारं यंत्र त्याच्याकडे नाही. ब्रश, रसायन आणि पोरांची मनगटं. वेळ भरपूर लागतो, काम स्वच्छ होतं. ड्युअल क्लचचं तेल कंपनी ६०,००० किलोमीटरला सांगते, तो निम्म्यावर बदलतो. मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हाल्डेक्स क्लचचं तेल आणि फिल्टर त्याच खेपेला.

अलाइनमेंट सुताने होतं. हो, गवंडी वापरतात तसल्या सुताने. गाडीच्या दोन्ही बाजूंना, समांतर, चार स्टँडवर ताणलेलं सूत, आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून सुतापर्यंत पोलादी पट्टीने मोजलेलं अंतर. कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाला, डिजिटल कोनमापक. अर्धा दिवस जातो. कॅम्बर प्लेट लावून पुढची चाकं दीड अंश आत झुकवली, मी सीटवर बसलेली असताना, टाकी अर्धी ठेवून, कारण ट्रॅकवर गाडी तशीच असणार. एका बड्या शोरूमच्या लेझर यंत्रावर मी नंतर मुद्दाम तपासून घेतलं. टोमध्ये, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली त्या मापात, नाव ठेवण्यासारखा फरक नव्हता. खांदे आता आतून-बाहेरून सारखे झिजतात, वहीत तसं लिहिलेलं आहे.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

दुपारी एक ते साडेतीन शेड बंद. कोणी कितीही लांबून आलेलं असो. फोन उचलणं त्याच्या मर्जीवर. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पार्ट तुम्हीच मागवायचे, आणि पॅकेट फोडल्यावर त्याला खोटा वाटला तर कामच होणार नाही. माझं सस्पेन्शनचं एक लोअर आर्म असंच परत गेलं आणि त्यात महिना फुकट गेला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याची मजल जुन्या लॅपटॉपवर कोड वाचण्यापर्यंत. ड्युअल क्लचच्या मेकॅट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचं) काही निघालं तर तो स्वतःच बेळगाव किंवा पुण्याचा रस्ता दाखवतो. बसायला फणसाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडका. आणि मेस्त ओरडतो. टायर प्रेशर न लिहून आणल्याबद्दल मला बाकी गिऱ्हाइकांसमोर ऐकावं लागलंय.

पैसे: ट्रॅकच्या आधीची आणि नंतरची तपासणी मिळून साडेतीन हजार मजुरी, पार्ट आणि ऑइल वेगळं. पावसाळी सर्व्हिस पाच हजारांच्या आत. सुताचं अलाइनमेंट दोन हजार, जे शोरूमपेक्षा महाग आहे आणि मी कुरकुर न करता देते. बिल कार्बन कॉपीवर, प्रत्येक बोल्टाचा टॉर्क लिहिलेलं.

एक गोष्ट गॅरेजची नव्हे, पण इथे येणारा प्रत्येक नवखा विचारतो म्हणून: तुमच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. मेस्त हे पहिल्याच दिवशी सांगतो आणि वहीत तुमची सही घेतो.

कोणी जाऊ नये, तेही सांगते. ज्यांना आवाज, रीमॅप आणि वाढलेली हॉर्सपॉवर हवी, त्यांनी थिवीपर्यंतचं पेट्रोल जाळू नये. ज्यांची गाडी वर्षभर रस्त्यावरच असते त्यांना एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये कोईमतूर, चेन्नई किंवा पुण्याजवळ नानोलीला जायचा बेत असेल, आणि गाडी समुद्राच्या वाऱ्यात राहत असेल, तर सप्टेंबरातच नंबर लावा. गणेश चवथीच्या आधी आठवडा आणि नंतर आठवडा शेड बंद असते, त्या दिवसांत फोन करू नका. माझी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारची आहे: डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग वहीत लाल शाईने लिहिलंय, ते मागवून ठेवायचंय.